खडू चांगला होता

मठकर मास्तरांना कुणी चांगलं म्हटलं की ते आधी मागे वळून बघत. आपल्या पाठीशी उभ्या असलेल्या दुसऱ्याच कुणाला म्हणतोय की काय, याची खात्री करून घेत. मागे कुणी नाही असं दिसलं की मग त्या कौतुकाचा निकाल लावत. "कोट छान दिसतोय हं मास्तर," असं एकदा आमच्या वाडीतले गोखले म्हणाले, तर मास्तर शांतपणे उत्तरले, "मेव्हणा वारला. त्याचा आहे." बिचारे गोखले हातची ट्राम सोडून सांत्वन करत उभे राहिले. मेव्हण्याला वारून चार वर्षं झाली होती, हे त्यांना मागाहून कळलं.

ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत तळमजल्यावर, नळाला लागूनच्या दोन खोल्यांत मास्तर राहत. म्युनिसिपालिटीच्या शाळेत चित्रकला शिकवत. उंच, किंचित पोक काढून चालणारे, कोटाच्या उजव्या खिशात कायम खडू. त्यामुळे तो खिसा आतून बाहेरून पांढरा झालेला असे. एकदा शाळेच्या तपासणीला कुणी साहेब आले. मास्तरांनी भिंतीवर नकाशा रंगवला होता, तो बघून साहेब म्हणाले, "वा! फारच सुरेख." मास्तर म्हणाले, "गोदावरी जरा खाली घसरलीय, साहेब." साहेबांच्या ते लक्षातही आलेलं नव्हतं. त्यांनी शेऱ्यात लिहिलं, 'नकाशात गोदावरी चुकली आहे.' हेडमास्तर पुढे महिनाभर मास्तरांशी बोलत नव्हते.

घरातही तोच प्रकार. मास्तरांच्या बायकोला सगळी वाडी माई म्हणायची. माईंच्या हाताला चव होती. पंगतीला बसलेलं कुणी म्हणालं, "माई, आमटी काय झालीय!" की मास्तर मधेच म्हणत, "आज मीठ पडलंय तिच्यात, एवढंच." माई वाढता वाढता थांबत, मग पुढच्या पानाकडे जात. आम्ही सगळे हसायचो. मीही हसायची, हे आता सांगायला लाज वाटते.

मला मास्तरांचा राग आहे. इतकी वर्षं झाली, तरी आहे. पण माणूस सांगायचा तर आधी त्याचं जे खरं होतं ते सांगायला हवं, आणि मास्तरांचं अक्षर खरं होतं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. गिरगावापासून लालबागपर्यंत नाक्यानाक्यावर फळे होते. सकाळी कामावर निघालेला माणूस आधी फळा वाचायचा आणि मग वर्तमानपत्र. आमचा फळा वाडीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीच्या भिंतीला टांगलेला. मास्तर रोज पहाटे तो लिहीत. रात्रभर साखरेच्या पाण्यात भिजवलेले खडू वापरत. अशा खडूनं अक्षर उठून दिसतं आणि कुणाचा खांदा घासला तरी पुसलं जात नाही. आधी ओल्या फडक्यानं फळा स्वच्छ करायचा, मग खडूची भुकटी लावलेली दोरी ताणून टिचकीनं ओळी मारायच्या, मग लिहायचं. लिहून झालं की रस्ता ओलांडून पलीकडे जायचं आणि डोळे बारीक करून बघायचं. एखादा 'ळ' मनासारखा उतरला नसेल तर परत येऊन तेवढाच पुसायचा. ळ काढावा तर मठकर मास्तरांनीच. लोक म्हणत, "मास्तर, काय अक्षर आहे हो तुमचं!" मास्तर मागे वळून बघत आणि म्हणत, "खडू चांगला होता."

हे वाक्य आमच्या वाडीत इतकं रुळलं होतं की परीक्षेत पास झालेली पोरंसुद्धा तेच म्हणायची.

मजकूर मात्र मास्तरांचा नव्हता. तो आधी वाडीच्या मंडळाचे चिटणीस देत, आणि त्यात 'जाहीर निषेध' व 'तीव्र निषेध' यांच्यापलीकडे फारसं काही नसे. एका पहाटे चिटणिसांना पकडून नेलं आणि मास्तर कोऱ्या फळ्यापुढे खडू घेऊन उभे. मी तेव्हा वीस वर्षांची. हंडा घेऊन नळावर नंबर लावलेला, डोळ्यांवर झोप, आणि पुढे सात बायका. मी वैतागून म्हटलं, "मास्तर, लिहा, की मुंबई कुणाची असं ज्यांना विचारायचंय, त्यांनी पहाटे चार वाजता आमच्या नळावर येऊन नंबर लावावा."

नळावरच्या बायका हसल्या. मास्तर हसले नाहीत. त्यांनी दोरी मारली आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं. सकाळी ट्रामच्या थांब्यावरची माणसं रांग सोडून वाचायला आली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी एका चिठ्ठीवर दोन-तीन ओळी लिहून माईंच्या पोह्यांच्या डब्यात ठेवत असे. पहाटे त्या फळ्यावर येत. मी दिवसभर एखाद्या आमदारापेक्षा ताठ चाले. एके दिवशी गिरणीपाशी दोन अनोळखी माणसं वाचता वाचता म्हणाली, "कोण लिहितो रे हे? डोकं आहे हां!" मी तिथेच उभी होते, आणि माझं तोंड हसऱ्या गणपतीसारखं झालं असणार. मास्तरांनी ते पाहिलं. संध्याकाळी मला बोलावून म्हणाले, "शशी, कौतुक म्हणजे अवेळी आलेला पाहुणा. दारातच पाणी द्यायचं आणि वाटेला लावायचं. एकदा आत घेतलास की पथारी पसरतो, मग हलत नाही."

"पण मास्तर, चांगलं लिहिलं तर चांगलं म्हणतीलच ना?"

"म्हणू देत की. आपण ऐकायचं नाही. फळ्याला नाव नसतं. उद्या सकाळी पुसायचाच आहे."

मी त्यांना गुरू मानत होते. मी पाहुण्याला दारातूनच वाटेला लावायला शिकले. साडी चांगली दिसते म्हटलं तर जुनी आहे म्हणायचं, लाडू चांगले झाले म्हटलं तर तूप चांगलं होतं म्हणायचं. मुलीच्या जातीला हे निम्मं जन्मतःच येतं. उरलेलं निम्मं मास्तरांनी शिकवलं.

मग ती काठ्यांची सकाळ आली. आदल्या दिवशी मोर्च्यावर पोलिसांनी आमच्या गल्लीत शिरून काठ्या चालवल्या होत्या. मी चिठ्ठीत लिहिलं, 'काल आमच्या गल्लीत ज्यांनी काठ्या चालवल्या, त्यांतले तिघे आमच्याच गल्लीत राहतात. त्यांच्या आयांनी काल चूल पेटवली नाही.' ते खरंच होतं. मी त्यातल्या एका आईशी नळावर बोलले होते.

आठच्या सुमारास एक फौजदार दोन हवालदारांना घेऊन आला. फळ्यापुढे गर्दी होती. मी गर्दीतच होते. फौजदारानं विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

"मी," मास्तर पुढे होऊन म्हणाले.

"अक्षराचं नाही विचारत. डोकं कोणाचं?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "डोकंही माझंच आहे, साहेब," ते म्हणाले. त्यांना घेऊन गेले. हवालदारानं फळा पुसायला घेतला, पण साखरेच्या पाण्यातलं अक्षर सहज निघेना, तेव्हा त्याला माईंकडेच पाणी मागावं लागलं.

मास्तर नऊ दिवसांनी सुटले. दाढी वाढलेली, पोक जरा जास्त. वाडीनं त्यांना ओवाळलं. जो तो म्हणत होता, "मास्तर, काय ते शब्द! काळजाला लागले." आणि मास्तर मागे वळून बघत म्हणत होते, "खडू चांगला होता हो." मला ते उत्तर तेव्हा फार आवडलं. ओळी माझ्या आहेत असं ते म्हणाले नाहीत, पण आपल्या आहेत असंही म्हणाले नाहीत. माझी जागा त्यांनी राखून ठेवली आहे असं मला वाटलं. त्या माणसासाठी मी तेव्हा विहिरीत उडी टाकली असती.

राज्य झालं त्या मे महिन्यात वाडीनं मास्तरांचा सत्कार करायचं ठरवलं. त्याच सुमारास दादरच्या एका घरातून मला बघून गेले होते आणि त्यांना दिवाळीनंतर लग्न उरकायचं होतं. मला लिहायचं होतं. एखाद्या वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन टेबलापाशी बसून, नावानिशी लिहायचं होतं. मी धीर करून अप्पांना, माझ्या वडिलांना, सांगितलं की फळ्यावरच्या ओळी माझ्या आहेत. अप्पा सरकारी कचेरीत कारकून. पुराव्याशिवाय त्यांनी कधी सूर्य उगवलेला मान्य केला नसेल. ते म्हणाले, "त्या ओळींपायी मास्तर तुरुंगात जाऊन आले आणि तू म्हणतेस त्या तुझ्या? शोभतं का हे?"

"मास्तरांनाच विचारा."

"विचारायचं कशाला? सत्काराला चारचौघांत त्यांच्या तोंडून आलं तर मानीन. मग दादरवाल्यांना वर्षभर थांबायला सांगतो. तू जा तुझ्या कचेरीत."

मी मास्तरांकडे धावले. ते खडू भिजत घालत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी बोटं पुसली आणि म्हणाले, "एवढंच ना? सांगेन. शब्द दिला." माई विळीवर भाजी चिरत होत्या. त्यांनीही ऐकलं.

सत्कार वाडीच्या चौकात होता. गणपतीतल्या खुर्च्या, गणपतीतलाच कर्णा. प्रमुख पाहुणे म्हणून दादरच्या एका साप्ताहिकाचे संपादक आले होते. त्यांनी खिशातून एक लहान वही काढली. रोज सकाळी ट्राममधून उतरून आमचा फळा ते त्या वहीत उतरवून घेत होते. त्यांनी नळाची ओळ वाचली, लोक हसले. मग चुलीची वाचली, आणि चौकात कुणी खोकलंसुद्धा नाही. बायकांच्या बाजूला बसून मी आपल्याच ओळी कर्ण्यातून ऐकत होते आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते. समोर अप्पा ताठ बसले होते. संपादक म्हणाले, "मास्तर, असं मराठी लिहिणारा माणूस गल्लीत राहतो आणि आम्ही लेखक शोधत गावभर फिरतो. माझ्या साप्ताहिकातली दर आठवड्याची एक जागा आजपासून तुमची."

मास्तर उठले. आता काय येणार ते सगळ्या वाडीला ठाऊक होतं. पोरं तर आधीच हसायला लागली होती. मास्तर मागे वळून बघणार, खडू चांगला होता म्हणणार, आणि मग माझं नाव घेणार.

मास्तरांनी मागे वळून बघितलं नाही.

त्यांनी अंगावरची शाल दोन्ही खांद्यांवर नीट सारखी केली, हात जोडले आणि संथ आवाजात म्हणाले, "आपण इतक्या आपुलकीनं बोललात. माझ्या लेखणीचा आपण मान केलात, तो मी नम्रपणे स्वीकारतो. आपल्यासारख्या जाणत्या माणसाला ते शब्द आवडले, याचा मला आनंद आहे." आणि खाली बसले.

इतकं नेटकं कौतुक घेताना मी पुढे कुणालाही पाहिलं नाही. फाजील विनय नाही, तोरा नाही, एक शब्द जास्त नाही. कौतुक कसं घ्यावं हे कुणाला शिकवायचं असेल तर मी आजही तोच प्रसंग सांगेन. पन्नाशीला टेकलेल्या त्या माणसानं जन्मात एकदा पाहुण्याला आत घेतलं, पाटावर बसवलं, आणि तो पाहुणा माझा होता.

टाळ्या पडल्या. अप्पांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर वळवली. खोटारड्या मुलीकडे बघावं तसं बघितलं. मी उठून ओरडायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण काय ओरडणार? हेच तर त्यांनी फौजदारासमोर म्हटलं होतं. डोकंही माझंच आहे. त्या सकाळी त्या खोट्यानं मला वाचवलं होतं, नऊ दिवस ते त्या खोट्यासाठी आत राहिले होते. आता ते खोटं माझं आहे, परत द्या, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? मास्तरांना हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच ते इतके निर्धास्त बोलले.

दुसऱ्या दिवशी नळावर माई भेटल्या. त्यांनी माझा हंडा आपल्या आधी नळाखाली सरकवला आणि हळूच म्हणाल्या, "भुकेलो माणूस समोरच्या ताटातला खाता गो. आपला घरात झाकून ठेवलेला तेका आठवणा नाय." मग थोड्या वेळानं, "माका तेनी कधी आमटी बरी झाली म्हणान ऐकूक दिल्यान नाय. आनि काल बघ." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

चार दिवसांनी मास्तर आमच्या उंबऱ्याशी आले. हातात कागद. अप्पा पेपर वाचत होते. मास्तर खालच्या आवाजात म्हणाले, "शशी, संपादकांना शुक्रवारी मजकूर हवाय. जरा दोन ओळी बघून देतेस?"

त्या आवाजात शरम होती, हे मी नाकारत नाही. पण माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हटलं, "माझं काय काम, मास्तर? खडू चांगला असला की झालं."

"मास्तरांशी असं बोलतात?" अप्पा पेपरामागून ओरडले. मास्तर म्हणाले, "असू द्या, असू द्या," आणि कागदाची घडी घालत जिना उतरून गेले. त्यांचे तीन लेख छापून आले. तिन्हींत जाहीर निषेधाखेरीज काही नव्हतं. चौथा आला नाही. वाडीतले म्हणाले, राज्य मिळालं, आता मास्तर कशाला लिहितील.

माझं लग्न मार्गशीर्षात झालं. वाडीच्या तोंडाशी त्याच फळ्यावर मास्तरांनी रंगीत खडूंनी 'शुभविवाह' लिहिलं. दादरची मंडळी ते बघत उभी राहिली. माझे सासरे म्हणाले, "काय अक्षर आहे!" मास्तरांनी मागे वळून बघितलं आणि नेहमीचं उत्तर दिलं.

मी लिहायला लागले ते चाळिशी उलटल्यावर, मुलं मोठी झाल्यावर. आता चार लोक ओळखतात. पण कुणी कौतुक केलं की माझ्या तोंडून अजून निघतं, "छे हो, मुद्रण चांगलं केलंय त्यांनी." माझी मुलगी कपाळाला हात लावते. "आई, नुसतं थँक्यू म्हण ना. काय जातं तुझं?" काय जातं ते तिला कसं सांगू? एका माणसानं मला दार लावायला शिकवलं आणि स्वतः त्याच दारातून माझं सामान घेऊन गेला.

पहिलं पुस्तक निघालं तेव्हा ते घेऊन मी मास्तरांना भेटायला गेले. का गेले, ते धड सांगता येत नाही. दाखवायला गेले असेन. मास्तर तेव्हा अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत मुलाकडे राहत. माई दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मास्तर खुर्चीत बसले होते. हात थरथरत होते. भिंतीवर सत्काराचा फोटो होता, शाल दोन्ही खांद्यांवर सारखी. सून बोलकी होती. "या ना, बसा. बाबांच्या फळ्यांबद्दल किती ऐकलंय आम्ही! काय लिहायचे म्हणे. तुम्ही त्याच वाडीतल्या ना?"

"हो," मी म्हटलं. मास्तर खाली बघत होते.

मी पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी कव्हरावरच्या माझ्या नावावरून थरथरतं बोट फिरवलं. मला एकदम वाईट वाटलं, आणि मी मनापासून म्हटलं, "मास्तर, तुमचं अक्षर फार सुंदर होतं. तसं मी पुन्हा कुठे पाहिलं नाही." हे त्यांचं होतं, पूर्णपणे त्यांचं. निदान एवढं तरी त्यांनी घ्यावं असं मला वाटत होतं.

त्यांनी सवयीनं मागे वळून बघितलं. मागे भिंत होती. "खडू चांगला होता," ते म्हणाले.

सून चहा टाकायला आत गेली. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला, तशी मास्तरांनी मान वर केली. डोळे ओले होते. अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "ओळी तुझ्या होत्या, शशी. फार चांगल्या होत्या."

हे वाक्य ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते, आणि ते आलं तेव्हा खोलीत तिसरं माणूस नव्हतं. माझ्या दातांपर्यंत 'छे छे मास्तर' आलं होतं. मी ते गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा मी पाहुण्याला आत घेतलं. स्वयंपाकघरापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "हो मास्तर. माझ्याच होत्या. आणि चांगल्या होत्या."

आतला आवाज थांबला. "काय म्हणाल्या हो बाबा त्या?" सुनेनं विचारलं.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. पुस्तक त्यांच्या मांडीवरच होतं.

"काही नाही गं," मास्तर म्हणाले, "साखर कमी घाल म्हणतायत."